शालेय मानसशास्त्रज्ञ कोणाचा माणूस?



ज्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या गुणांची यादी आरंभी वाचावी असा शिरस्ता आहे. परंतु स्वतःची स्तुती कानांवर पडू लागताच काही तरी निमित्त काढून खोलीबाहेर निघून जाणाऱ्या त्या गृहस्थांना ती यादी रुचली नसती, हे त्यांना ओळखणारे आपण सर्वजण जाणता, म्हणून मी सरळ विषयालाच हात घालतो.

शाळेत मानसशास्त्रज्ञाचे काम काय, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडेल. मुलांच्या बुद्धीच्या व कलाच्या चाचण्या घेणे, अध्ययनातील अडचणींचे निदान करणे, समुपदेशन करणे, पालकांना भेटणे, दहावीनंतरच्या वाटा समजावून देणे आणि ह्या सर्वांची दप्तरी नोंद ठेवणे, अशी ती कलमे असतात. कलमे सारी खरी आहेत. पण ती वाचून त्या हुद्द्यावर बसणाऱ्याची खरी अडचण यत्किंचितही उमगत नाही. वैद्याकडे रोगी आपल्या पायांनी जातो, वकिलाकडे पक्षकार आपले गाऱ्हाणे घेऊन जातो. शालेय मानसशास्त्रज्ञासमोर बसलेले मूल मात्र स्वतःहून क्वचितच आलेले असते. त्याला वर्गशिक्षकाने पाठविलेले असते, मुख्याध्यापकाने बोलाविलेले असते, किंवा आईने हाताला धरून आणलेले असते. मानसशास्त्रज्ञाचा पगार संस्था देते, अहवाल पालक मागतात, कामाचा हिशेब शिक्षणखाते घेते, आणि ज्याच्यापायी हा सारा खटाटोप, त्या मुलाने तर कोणाकडेच काही मागितलेले नसते. मग हा माणूस कोणाचा? मला असे वाटते की तो मुलाचा असला पाहिजे, आणि शाळेने त्याला पगार द्यावयाचा तो ह्याच बोलीवर की प्रसंग पडल्यास त्याने शाळेच्या विरुद्धही साक्ष द्यावी. हे म्हणावयास सोपे आहे. पाळावयास किती अवघड आहे, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हा व्यवसायच मुळी एका शिक्षिकेच्या काळजीतून जन्मास आला. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विट्मर नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे मार्गारेट मॅग्वायर ह्या शिक्षिका एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत घेऊन आल्या. मुलाला शब्दांची वर्णरचना काही केल्या साधत नव्हती. प्रयोगशाळेत बसून माणसाला प्रकाश दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती क्षणांश लागतात ह्याची सूक्ष्म मोजमापे त्या काळच्या मानसशास्त्राजवळ पुष्कळ होती. ह्या एका मुलाला लिहिते कसे करावे, ह्याविषयी सांगण्यासारखे त्याच्याजवळ जवळजवळ काहीही नव्हते. विट्मरने तपासणीस प्रारंभ केला, तेव्हा मुलाच्या दृष्टीतच दोष असल्याचे आढळले. त्याला चष्मा देण्यात आला, आणि त्यानंतर शिकवणी सुरू झाली. मानसशास्त्रीय चिकित्सालयाच्या इतिहासातील पहिल्या प्रकरणात प्रथम हाती लागला तो डोळ्यांचा दोष, ही गोष्ट ह्या व्यवसायात पडणाऱ्या प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या वर्गांतून ज्याला 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर बसविलेले असते त्याला कित्येकदा फळाच दिसत नसतो. 'लक्ष नाही' असा शेरा ज्याच्या प्रगतिपुस्तकावर असतो त्याचा कान फुटलेला असतो. आणि पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलगी पहाटे उठून दोन हंडे पाणी आणून, धाकट्या भावंडांचे आवरून, काही न खाता शाळेत आलेली असते. मनाचा तळ शोधावयास निघण्यापूर्वी ह्या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, हे सांगावयास पदवी लागत नाही. परंतु पदवी मिळाल्यावर त्या विचारावयाच्या राहून जातात, असा अनुभव आहे.

दुसरा उगम पॅरिसमधला. १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि सक्ती झाली की जी मुले पूर्वी शाळेच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती ती सर्व वर्गात येऊन बसतात. त्यांतील काहींना नेहमीच्या पद्धतीने शिकविता येत नाही, हे शिक्षकांना कळून चुकते, आणि अशांना वेगळे काढावे अशी मागणी सुरू होते. १९०४ साली तेथील सरकारने एक आयोग नेमला, त्यात आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ होता. शिक्षकाच्या रागालोभावर मुलाचे भवितव्य ठरू नये, गडबड करणारा म्हणून शहाण्या मुलाची मंदबुद्धीच्या वर्गात रवानगी होऊ नये, ह्या सद्हेतूने त्याने आणि तेओदोर सिमोन ह्या डॉक्टराने १९०५ साली तीस कसोट्यांची ती प्रसिद्ध श्रेणी तयार केली. पेटलेल्या काडीकडे नजर जाते की नाही येथपासून दोन अमूर्त कल्पनांतील भेद सांगता येतो की नाही येथपर्यंत चढत जाणारी ती श्रेणी होती. १९०८ साली तिची मांडणी वयोमानानुसार झाली, १९११ साली आणखी एक सुधारणा झाली, आणि त्याच वर्षी बिने वारला. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेले, कमीजास्त न होणारे एक माप आहे, हे मत त्याने हयातीत निकराने नाकारले होते, मागे पडणाऱ्या मुलांसाठी अवधानाचे व स्मरणाचे व्यायामही योजले होते. परंतु त्याच्या मृत्यूनंतर १९१२ साली जर्मनीत श्टेर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती काढली, १९१६ साली अमेरिकेत टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणून सर्वत्र प्रचारात आणले, आणि मुलाला हात देण्यासाठी केलेली श्रेणी मुलाच्या कपाळावर आकडा डागण्याच्या कामी येऊ लागली. लंडनमध्ये १९१३ साली परगणा मंडळाने सिरिल बर्ट ह्यांची शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. त्यांनी वर्षानुवर्षे मुलांमध्ये काम केले, हे नाकारता येणार नाही; पण बुद्धी प्रायः आनुवंशिक असते हे त्यांचे मत इंग्लंडात अकराव्या वर्षी मुलांची विभागणी करणाऱ्या परीक्षेला आधारभूत झाले, आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर जुळ्या भावंडांविषयीच्या त्यांच्या आकड्यांवरच संशयाचे सावट पडले. असंख्य अकरा वर्षांच्या मुलांचे मार्ग तोवर ठरून गेले होते.

आता आपल्याकडे. मुंबई इलाख्यात हे काम मराठी व कानडी मुलांसाठी प्रथम पद्धतशीरपणे केले ते डॉ. वि. वि. कामत ह्यांनी, बिनेच्या श्रेणीचे त्यांनी केलेले भारतीय रूप १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. परदेशी कसोटी आपल्या भाषेत उतरविली म्हणजे काम झाले, अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. नाणी वेगळी, चित्रांतील घरे वेगळी, नातीगोती वेगळी. आणि एका वयाच्या मुलांना जो प्रश्न तिकडे सोपा तो येथे अवघड ठरतो, म्हणून प्रत्येक प्रश्न पुन्हा शेकडो मुलांना विचारून तो कोणत्या वयाला बसतो हे नव्याने ठरवावे लागते. पुढे नागपूरच्या डॉ. मालिन ह्यांनी वेक्स्लर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिकसोटीचे भारतीय रूप १९६९ च्या सुमारास सिद्ध केले, आणि आजही पुष्कळ ठिकाणी शाळकरी मुलाचा बुद्ध्यंक म्हणून जो आकडा आईच्या हाती दिला जातो तो त्याच कसोटीचा असतो.

येथे थोडे थांबावेसे वाटते. विसाव्या शतकात देशोदेशी मुलांचे अशा चाचण्यांतील गुण पिढीगणिक वाढत गेले, ही गोष्ट जेम्स फ्लिन ह्या संशोधकाने दाखवून दिली आहे. ह्याचा व्यवहारातील अर्थ असा की, पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली असता त्याचा आकडा वाजवीपेक्षा फुगून येतो. ज्याला खरोखर विशेष मदतीची गरज आहे तो 'सर्वसाधारण' ठरतो, मदतीला मुकतो, आणि मग त्याच्या अपयशाचे खापर आळसावर फोडले जाते. जुन्या कोष्टकावरून काढलेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापून, खाली सही-शिक्का करून, तो अंतिम निवाडा असल्यासारखा पालकांच्या स्वाधीन करणे हे मला अशास्त्रीय तर वाटतेच, पण अनैतिकही वाटते. मानसशास्त्रज्ञाचे पहिले कर्तव्य आपल्या मापाची मर्यादा उच्चारणे हे आहे. आणि ती त्याने अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत न टाकता पहिल्याच परिच्छेदात सांगितली पाहिजे.

भाषेची गोष्ट तर ह्याहून नाजूक. मेळघाटातील कोरकू, डहाणूकडील वारली, गडचिरोलीतील गोंड मूल पहिलीत येते तेव्हा शाळेची मराठी ही त्याला जवळजवळ परकीय भाषा असते. त्याला मराठीत प्रश्न विचारावा आणि ते गप्प राहिले की 'प्रतिसाद नाही' असे लिहावे, ह्यात कोणाची परीक्षा झाली? ह्या बाबतीत आपल्याजवळ एक थोर उदाहरण आहे, आणि ते मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही ह्याचे मला वैषम्य वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम मांडले, तेव्हा वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, ही अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. मुलांना शिक्षणाची आवड नाही असा शेरा मारून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली, आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेत काय बसत नाही हे आधी पाहावे, हा विचार त्यांच्यापाशी होता. शालेय मानसशास्त्रज्ञाकडून मला ह्याच वृत्तीची अपेक्षा आहे.

अध्ययन-अक्षमतेच्या प्रश्नात महाराष्ट्राने एके काळी पुढाकार घेतला होता, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. वाचन-लेखन-गणितात विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती १९९० नंतरच्या दशकात येथे मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला सबंध देशात कायदेशीर स्थान दिले. परंतु सवलत आली की दाखला आला, आणि दाखला आला की रांग आली. दुसरी-तिसरीत ज्या मुलाची अडचण कोणीही डोळस शिक्षक ओळखू शकला असता, ते मूल नववीच्या मध्यावर, परीक्षेचे अर्ज भरावयाची वेळ आली असता, दाखल्यासाठी रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेले असते. मधल्या सहा-सात वर्षांत त्याने जो मार खाल्ला, जी बोलणी ऐकली, त्यांची भरपाई परीक्षेतील जादा मिनिटांनी कशी व्हावी? शिवाय मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ह्या विषयाची जी माहिती मिळते ती बहुधा इंग्रजी लिपीवरून बेतलेली. 'बी' आणि 'डी' ह्यांची उलटापालट करणारे मूल त्याला सांगितलेले असते, आपल्या देवनागरीत काय पाहावयाचे हे सांगितलेले नसते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कोण करीत नाही? त्या चुकांवरून विकार ठरवावयाचा तर आपल्यापैकी अर्धी सभा दाखल्यास पात्र होईल. पण जे मूल जोडाक्षर आले की अडखळते, रफार आणि रकार ह्यांची गल्लत करते, मात्रा-वेलांट्या गाळते, आणि अक्षर-अक्षर जुळवीत वाक्याच्या शेवटाशी पोहोचेतो आरंभ विसरून जाते, तोच मजकूर दुसऱ्याने वाचून दाखविला असता मात्र ज्याला तो अचूक समजतो, त्या मुलाकडे तिसरीतच पाहिले पाहिजे. ही यादी करून प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हाती देणे हे मानसशास्त्रज्ञाचे काम शंभर बुद्ध्यंक काढण्यापेक्षा मी अधिक मोलाचे समजतो.

शिक्षकाविषयी एक शब्द. शाळेत नव्याने रुजू झालेले मानसशास्त्रज्ञ कित्येकदा शिक्षकांना बालहृदयाचे शत्रू समजून वागतात. ही चूक आहे आणि अन्यायही आहे. साठ-साठ मुलांचा वर्ग, पोषण आहाराची नोंदवही, निवडणुकीचे काम, जनगणना, वरून येणारे रोजचे हुकूम आणि माहितीचे तक्ते ह्यांतून ज्याला शिकवावयाचे आहे त्याने संयम गमावला तर तो समजून घेण्याजोगा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांना बंदी केली ते योग्यच झाले. पण छडी काढून घेतल्यावर वर्ग कसा सांभाळावा, हे त्या शिक्षकाच्या शेजारी उभे राहून कोणी दाखविले? मानसशास्त्रज्ञाने आपल्या खोलीत एकेक मूल बोलावण्यात जो वेळ घालवावयाचा, त्यातील निदान अर्धा त्याने वर्गाच्या मागच्या बाकावर बसून घालवावा. चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षक कोणत्या मुलांना प्रश्न विचारतो आणि कोणत्या मुलांकडे वर्षभर पाहतच नाही, हे तेथून जसे दिसते तसे कोणत्याही चाचणीत दिसत नाही; आणि ते शिक्षकाला एकांतात, स्नेहाने, वरिष्ठांच्या कानी न घालता सांगितले तर तो ऐकतो.

मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणाला सांगावी? सामान्यतः कोणालाही नाही. मुख्याध्यापकाला नाही, आणि जीविताचा प्रश्न नसेल तर आईबापांनाही मुलाला विचारल्यावाचून नाही. परंतु ह्या नियमाला एक अपवाद कायद्यानेच घालून दिला आहे. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविषयक कायद्यान्वये असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना वर्दी दिलीच पाहिजे, न दिल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र होतो. आणि आरोपी जर शाळेतील कर्मचारी असेल तर 'संस्थेचे नाव जाईल, आपसांत मिटवू' असा आग्रह प्रथम कोठून येतो, हे सांगावयास नको. म्हणून मुलाशी पहिल्या भेटीतच स्पष्ट बोलावे, की तुझे बोलणे माझ्याजवळ राहील, मात्र कोणी तुला इजा करीत असेल किंवा तूच स्वतःला इजा करणार असशील तर मी गप्प बसणार नाही. अशा अटीनेही मुले बोलतात. खोटे वचन देऊन मोडले तर मात्र ती पुन्हा कोणाशीच बोलत नाहीत.

नोंदींचेही तसेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात आपले कारकून पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून 'चांगली' असे लिहीत आले आहेत. ह्या एका बाबतीत मी त्यांच्या यांत्रिकतेचा भक्त आहे. त्या रकान्यात कोणी शास्त्रशुद्ध सत्य लिहावयास बसला, तर सोळाव्या वर्षीचा एक प्रमाद माणसाच्या मागे साठाव्या वर्षापर्यंत फिरेल. मानसशास्त्रज्ञाची टिपणे ह्याच कारणास्तव शाळेच्या सर्वसाधारण दप्तरात जाता कामा नयेत. ती त्याच्या स्वतंत्र कुलपात असावीत, आणि शाळेला द्यावयाच्या अहवालात मुलासाठी काय करावे एवढेच असावे, ते कसे आहे ह्याचे वर्णन शक्य तितके कमी असावे. अहवाल मराठीत असावा, हेही सांगून ठेवतो. ज्या आईला तो उमगला पाहिजे तिला शेजारच्या मुलाकडून तो वाचून घ्यावा लागला, तर कुलूप लावून काय उपयोग?

ही सर्व कर्तव्ये पार पाडावयाची कोणी? १९६४ ते १९६६ ह्या काळात कार्य केलेल्या कोठारी आयोगाने दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, इतकी माफक शिफारस केली होती. त्यानंतर साठ वर्षे लोटली. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश देताना, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे सांगितले. निर्देश स्वागतार्ह आहे. त्याचा अंमल कसा होईल, ह्याची मात्र मला धास्ती वाटते. शहरातील संस्था अकरा महिन्यांच्या करारावर एखादी नवपदवीधर मुलगी नेमतील, तिला समुपदेशनाची पाटी लावलेली अडगळीची खोली देतील, शिक्षक रजेवर गेला की रिकाम्या तासाला तिलाच वर्गावर पाठवितील, आणि वार्षिक तपासणीच्या दिवशी ती पाटी पुसून दाखवितील. अशा मुलीने, ज्याच्या सहीने तिचा करार वाढावयाचा त्याच मुख्याध्यापकाला, 'हा मुलगा बिघडलेला नाही, आपली गुणवत्तेप्रमाणे केलेली वर्गांची तुकडीवारी त्याला बिघडविते आहे', असे कोणत्या बळावर सांगावे?

खेड्यांतील द्विशिक्षकी शाळांचे काय, असे कोणी विचारील. आपल्या जिल्हा परिषदांत सुमारे दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख, अशी रचना अस्तित्वात आहेच. कोठारी आयोगाच्या दहा शाळा त्यात जवळजवळ जशाच्या तशा बसतात. केंद्रामागे एक मानसशास्त्रज्ञ नेमला तर महिन्यातून प्रत्येक शाळेला दोन दिवस मिळतात. ते पुरेसे नाहीत. पण आज तेथे एकही दिवस मिळत नाही. नेमणूक कायम असावी, पगार खात्याने द्यावा, कोणत्याही एका शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसावे. त्याने रिकाम्या तासांवर जाऊ नये, आणि कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्याच्या शिफारशीवर त्याची सही मागितली जाऊ नये. पैशाची अडचण पुढे करण्यात येईल, तर तिचा विचार अंदाजपत्रकाच्या वेळी होऊ शकेल. परंतु ह्या माणसाचा वार्षिक गोपनीय अहवाल, तो ज्या शाळांतून काम करतो त्यांच्या मुख्याध्यापकांनी लिहावयाचा नाही, एवढा एक हुकूम काढावयास खात्याला एक पैही खर्च येणार नाही.